निर्जळी

नाही नाही, आधी तू बस. बस म्हणते ना वाणी, उभ्याउभ्या असल्या गोष्टी ठरवायच्या नसतात — आणि हळू बोल जरा, समोरच्या मामींचे कान आमच्या दाराला चिकटलेलेच असतात. हां. आता सांग. हॉस्पिटल? आत्ताच्या आत्ता? अगं, दर गुरुवारी येतेस, बीपी बघतेस, साखर बघतेस, पाठीला पावडर लावतेस आणि जातेस — गुणाची पोर आहेस, नाही म्हणत नाही, अख्ख्या चेन्नईत मराठी समजणारी नर्स आमच्या लेकानं, उन्मेषनं, कुठून शोधून काढली देव जाणे. तुझं ते तंजावरी मराठी निम्मं माझ्या डोक्यावरून जातं ते सोड, पण सासूबाईंना कळतं, आणि त्यांना मराठीशिवाय दुसरं काही कळतच नाही — पण म्हणून एकदम ॲम्ब्युलन्स? हे गावाला गेलेत, पुतण्याच्या मुंजीला. आज संध्याकाळी एग्मोर स्टेशनला उतरतील. फोन? गाडीत कुठली रेंज! आणि उन्मेषला आत्ता कळवून उगाच घाबरवायचं, तो बिचारा मीटिंगमध्ये असेल. आई ह्यांची आहे, हे येतील, बघतील, ठरवतील. मी कोण? सून. चाळीस वर्षं झाली तरी सूनच.

काय काय बघितलंस ते तरी सांग. बीपी नव्वदच्या खाली — बरं. नाडी पळतेय. श्वास भराभर चाललाय — तो तर लोहाराच्या भात्यासारखा इथवर ऐकू येतोय, त्याला तुझा तो बोटाचा चिमटा कशाला हवा? हातपाय गार. मग असणारच, एसी कुणी लावलाय, मीच ना? गुडघ्यांवर जांभळट जाळी — अगं, म्हातारपणाची कातडी ती, तिच्यावर काही ना काही दिसायचंच. आणि ताप? ताप आहे का ते सांग. नाही ना! उलट अंग थंड लागतंय म्हणतेस. मग? ताप नाही, खोकला नाही, कण्हणं नाही, ओरडणं तर नाहीच नाही. नुसत्या पडून असतात. हाक मारली की डोळे उघडतात, भलतंच काही बोलतात, परत मिटतात. तू याला आजार म्हणतेस. मी या शांततेची किती वर्षं वाट बघितलीय ते मला विचार.

हस की गं, गंमत केली. तुम्ही आजकालच्या मुली फार गंभीर.

कॉफी घे. डिकॉक्शन ताजं आहे. नको? बरं, मी घेते. आणि तुमच्या कंपनीचा नियमच आहे ना, घरच्या माणसानं हो म्हटल्याशिवाय पेशंटला हलवायचं नाही — तूच सांगितलं होतंस पहिल्या दिवशी, पाठ केल्यासारखं. मग आता मी घरचं माणूस, आणि मी म्हणते संध्याकाळपर्यंत थांबू. — इतका वेळ नाही म्हणतेस. तासातासानं वाढत जातं. हो, ठाऊक आहे मला. सेप्सिस. शब्द नवीन नाही या घराला. कुठेतरी जंतू होतात, रक्तात विष भिनतं, मग एकेक अवयव संपावर जातो — आधी किडनी, मग फुप्फुसं, मग हृदय. बघतेस काय अशी? गेल्या वर्षी झालंच होतं की त्यांना, लघवीतूनच सुरू झालं होतं. तेव्हा त्या डॉक्टरनं मला समोर बसवून शिकवलं, ‘अम्मा, म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडतं. लघवी कमी झाली, वास मारायला लागली, बोलण्यात घोळ व्हायला लागला, एकदम सुस्त पडल्या — तर तोच ताप समजायचा आणि उचलून आणायचं.’ बघ, कसं घडाघडा म्हणून दाखवलं! मीच मग उन्मेषला समजावलं, ह्यांना समजावलं. ह्यांच्या तर किती वेळा सांगितलं तरी डोक्यात शिरेना — जन्म सरकारी ऑफिसात गेला, फाईल वरून खाली आल्याशिवाय ह्यांना काही कळत नाही. मला बाई एकदा सांगितलं की पुरतं. नुसत्या वासावरून मला तर मंगळवारीच—

म्हणजे, संशय आला होता. नुसता संशय. संशयावर का कुणी माणसाला हॉस्पिटलात नेतं?

आणि करत नाही का मी? गेल्या वर्षी हॉस्पिटलातून आणल्यापासून कोण करतं? कूस बदलायची, पुसायचं, केस विंचरायचे, मऊ भात चिवडून भरवायचा, घाण काढायची — आणि घाण काढत असताना वरून ऐकायचं, ‘हात धुतलेस का आधी? त्या कामवालीला शिवून आलीस ना?’ यांची घाण माझ्या हातात आणि विटाळ माझा! लोक येतात, बघतात, म्हणतात सून असावी तर अशी. ह्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा तुला कुठे पाठीवर जखम दिसली? लाल डाग तरी दिसला? नाही ना. तू पहिल्यांदा आलीस तेव्हाच म्हणाली होतीस, ‘अक्का, फार नीट ठेवलंय तुम्ही आजींना.’ तुझेच शब्द. नीटच ठेवलंय.

पाणी? देते की. मागच्या गुरुवारी तू सांगून गेलीस, उन्हाळा आहे, भरपूर पाणी द्या, मी हो म्हटलं. पण त्यांनी घेतलं तर पाहिजे ना! तुझ्या हातून घेतलं का आत्ता? नाही. दात मिटून घेतले? ओठाला चमचा लागला तरी उघडले नाहीत? आणि काय म्हणाल्या? — ‘आज एकादशी.’ ऐकलंस ना स्वतःच्या कानांनी! मग सांग, मी काय करू. अगं, आमच्या सासूबाईंची एकादशी म्हणजे साबुदाणा नि रताळी नव्हे. एकादशी दुप्पट खाशी, ती आमची. त्यांची निर्जळी. महिन्यातून दोन्ही. पाण्याचा थेंब नाही, सकाळ-संध्याकाळ पळीभर तीर्थ तेवढं. आणि रीत अशी की पहाटे जाग आली की पहिला प्रश्न — ‘विमल, आज तिथी कोणती?’ मी सांगायची, आणि मग पाणी प्यायचं की नाही ते ठरायचं. लग्न होऊन या गावात आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पंचांग घरात, स्वतःला धडधडीत वाचता येत होतं, पण सांगायचं मी. परीक्षाच ती! चुकले की दिवसभर माझ्या माहेराचा उद्धार. आता नजर गेली, आठवण गेली, कुणाचं लग्न झालं नि कोण मेलं काही ध्यानात नाही, पण तो प्रश्न तेवढा राहिला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, त्यातलं. गेल्या वर्षी डॉक्टरनी उपास बंद करायला सांगितलं, तर ह्यांच्या देखत मला म्हणाल्या, ‘मी मरत असले तरी एकादशीला माझ्या तोंडात पाणी घालायचं नाही, तुला माझी शपथ आहे.’ मोठ्या माणसाची शपथ! मोडायची का मी? आणि गोळ्या म्हणशील तर गोळी पाण्याशिवाय कशी उतरणार, म्हणून गोळ्याही नाहीत.

कुठे निघालीस? परत बघतेस? बघ, बघ. मी इथं दारातच उभी राहते, आत नाही येत, तो वास माझ्या डोक्यात जातो. डायपर कोरडाच ना? सकाळपासून कोरडाच आहे. नख दाबून काय बघतेस — पांढरं पडतं आणि लाल व्हायला वेळ लागतो. हो, मीही बघते दाबून. कातडी चिमटीत धरून सोडली की खाली बसत नाही, तशीच उभी राहते. तेही बघितलंय मी.

हात किती बारीक झालेत बघितलेस? याच हातांनी भरलेला कुडम उचलून मोरीत ओतायच्या. तुला काय आठवणार त्या घागरी, तुम्ही नळाच्या पाण्यातल्या पोरी. आम्ही तेव्हा दुसरीकडे राहायचो, तिसरा मजला, लिफ्ट नाही, नळाला दिवसचे दिवस पाणी नाही. गल्लीच्या तोंडाशी पाण्याची लॉरी यायची आणि त्या लाल-हिरव्या प्लॅस्टिकच्या घागरींची ही एवढी रांग — मी तमिळ शिकले ती त्या रांगेत, भांडून भांडून. एक घागर कमरेवर, एक हातात, असं तीन मजले चढायचं, आणि ह्या दारात उभ्या. ‘रांगेत कुणी शिवलं का?’ शिवणार नाही तर काय होईल, ती रांग होती की देवघर? खोटं बोलायला हवं होतं मी. पण नवीन होते, खरं बोलायची खोड होती. ‘एका बाईचा धक्का लागला’ म्हटलं की गेला कुडम मोरीत. सगळा. माझ्यासमोर. बाहेर वैशाख पेटलेला आणि पाणी भळाभळा मोरीत. जा परत खाली. चौथा महिना होता मला. ते मूल राहिलं नाही. — त्याचा नि याचा काही संबंध नाही हं, डॉक्टरीणबाईही म्हणाल्या होत्या, असं होतं कधीकधी. उन्मेष नंतरचा. मी आपलं हात बघून आठवलं म्हणून सांगितलं. तू कर तुझं काम. कुणाशी बोलतेस? त्यांच्याशीच का? बोल, बोल, उत्तर काही मिळायचं नाही.

झालं? ये बाहेर, तो दरवाजा लोटून घे. — काय? मी आत येऊन सांगू? काय सांगू? द्वादशी आहे म्हणून? अगं मग तूच सांग की, तेवढं तर तुला येतं. — सांगितलंस? मग? विश्वास नाही ठेवला. ‘विमलला विचार’ म्हणाल्या! बघ. ऐक आता. आयुष्यभर माझ्या एका शब्दाला किंमत नव्हती. भाजीत मीठ घातलं म्हटलं तर चाखून बघायच्या, केर काढला म्हटलं तर बोट फिरवून बघायच्या, आणि आता सगळ्या जगात एका विमलचाच शब्द खरा. चार दिवस सासूचे नि चार दिवस सुनेचे म्हणतात, ते हे असे येतात बघ, कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

तुझ्या आजीनं? मंगळवारी सकाळी पारणं केलं? तुमच्याकडेही करतात होय. विसरलेच होते मी, तुम्ही तंजावरची माणसं आमच्यापेक्षा कडक. बरं मग. सोमवारी एकादशी होती. होती, म्हणून काय झालं?

अशी बघू नकोस माझ्याकडे. ऐक. सोमवारी खरीच होती, त्यात माझं काही नाही. मंगळवारी पहाटे विचारलं, ‘विमल, आज तिथी कोणती?’ मी अर्धवट झोपेत, रात्रभर उठवलं होतं, उशी अशी लाव, चादर तशी ओढ — तोंडातून निघून गेलं, एकादशी. बस. मला वाटलं आता म्हणतील, अगं कालच झाली की, अक्कल कुठे गहाण टाकलीस! काही म्हणाल्या नाहीत. हात जोडले, तोंड मिटलं, भिंतीकडे वळल्या. दिवसभर हाक नाही. ‘पाणी दे’ नाही, ‘हे इथं का ठेवलंस’ नाही. घरात इतकी शांतता — मी पंख्याखाली पाय पसरून बसले आणि पेपर वाचला गं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, लग्नाच्या जाहिरातींसकट. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं मला. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. परत सांगितलं. आज सकाळी ओठ नुसते हलले, पण मला कळलं काय विचारतेय, मी सांगितलं. तीर्थ देत होते मी, पळी पळी, अगदीच कोरडं नाही ठेवलं. मी कुठं मारलं? कुठं ओरडले? पाणी मागितलं असतं तर दिलं असतं. मागितलंच नाही. ती तिथी विचारायची, मी तिथी सांगायची. एवढंच आमचं बोलणं.

थांब, फोन वाजतोय. — हां बाळा. काय म्हणतोस? हो हो, तेच. मीच म्हटलं वाणीला, बाकी सगळं राहू दे, आधी उन्मेषच्या कानावर घाल. हो रे, आज सकाळपासूनच जरा सुस्त होत्या, काल छान होत्या, काल तर माझ्याशी गप्पा मारल्या. पाणी? देतेय की, चमच्याचमच्यानं देतेय, घशाखालीच उतरत नाही रे. — ॲम्ब्युलन्स बोलावलीस तू? निघालीसुद्धा? बरं केलंस, अगदी बरं केलंस, मी तेच सांगणार होते तुला. रडू नकोस, वेडा आहेस का. शोळिंगनल्लूरहून अण्णा नगरला यायचं म्हणजे तुला अर्धा दिवस लागेल, तू सरळ हॉस्पिटलातच ये. बाबांना मी सांगते, एग्मोरहून परस्पर येतील. वाणीशी? अरे ती आत आहे आजीपाशी, हात अडकलेत तिचे. मी सांगते तिला. मी आहे ना! ठेव आता.

तर तू केलास फोन. आतून, दाराआड, मी तुला माझ्या मनातलं सांगत होते तेव्हा. शहाणी आहेस. नातू म्हणजे घरचं माणूस, नियमात बसतं, मला कसं सुचलं नाही. काय सांगितलंस त्याला? बीपी, श्वास, लघवी नाही — एवढंच ना? तिथीचं नाही सांगितलंस. कसं सांगशील, तेव्हा तुलाच ठाऊक नव्हतं. आता सांगणार? सांग की. मी नाही अडवत.

काय? अजून काय म्हणाल्या? — कधी? मघाशी, तू वाकलीस तेव्हा? ‘विमल रोज एकादशीच सांगते’ असं म्हणाली?

असं म्हणाली ती.

म्हणजे कळत होतं तिला. — कळत होतं तर मग प्यायली का नाही? तांब्या उशाशी होता, मंगळवारी तरी हात पुरत होता तिथवर. हाक मारायची! ‘विमल, खोटं बोलतेस’ म्हणायचं, जन्मभर म्हणत आली, आताच काय दातखीळ बसली होती? मी एकादशी म्हणायची आणि ती माझ्याकडे बघायची. हो, बघायची. मला वाटायचं दिसत नाही तिला. म्हणजे माझ्याच तोंडून ऐकायचं होतं, मीच द्वादशी म्हणेपर्यंत थांबायचं होतं, बघू किती दिवस म्हणतेस ते! मरायला टेकली तरी परीक्षा घेतच होती माझी. आणि मी— मला काय ठाऊक? मला वाटलं भोळेपणानं पडलीय. बघितलंस ना कशी आहे ती? तुम्हाला सगळ्यांना वाटतं म्हातारी म्हणजे गरीब गाय. आता पाप माझ्या माथी, आणि ती एकादशी पाळून मोकळी, थेट वैकुंठात.

पण एक सांगते तुला, वाणी. कोण विश्वास ठेवणार? मघाशी तू फोनमध्ये भरलंस ते, मी बघत होते. वार विचारलास, सांगता आला नाही. मी कोण विचारलंस, तर मला आपली मेलेली जाऊ म्हणाली. नाव विचारलंस, तर माहेरचं सांगितलं. तूच म्हणालीस मला — भ्रम आहे अक्का, भान नाही त्यांना, ही वाईट खूण. हॉस्पिटलात पहिलं तेच सांगशील. सांगावंच लागेल, त्याशिवाय सेप्सिस कसा म्हणायचा? मग जिला वार सांगता येत नाही, तिला तिथी बरी आठवते, होय? भ्रमातलं बोलणं तू सोयीनं खरं धरणार? तुझ्यासमोर एकादशी कोण म्हणालं? तीच. चमच्यापुढे दात कुणी मिटले? तिनंच. मी तर दाराच्या आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. आणि उन्मेषला तू काय सांगणार — तुझ्या आईनं मला कॉफी विचारली आणि असं असं म्हणाली? तो तुझं ऐकेल की माझं? तू आठवड्यातून एकदा येणारी मुलगी. मी त्याची आई आहे.

लिफ्ट आली वाटतं. आमचा व्यंकट आणतोय त्यांना वर, चांगला माणूस आहे, वॉचमन असला तरी घरच्यासारखा. थांब, पदर नीट करू दे मला. उघड आता. — वांग तंबी, वांग, उळ्ळ वांग, आत या. इकडे, या खोलीत. आमा, हो, मीच सून. — आई! आई, डोळे उघडा, मी विमल. द्वादशी आहे हो आज. द्वादशी! ऐकू आलं का? उपास सुटला तुमचा. पाणी घ्या बघू.

बघितलंस? बघितलंस वाणी, तोंड उघडलं! एका शब्दावर उघडलं. दे इकडे तो चमचा — काय म्हणतोय हा मुलगा? आता नाही द्यायचं? गुंगीत आहेत, छातीत जाईल? तोंडानं थेंबसुद्धा नाही? बरं बाबा, तुम्ही म्हणाल तसं. — ऐकलंत ना आई, नको म्हणताहेत. मिटा तोंड. मिटा म्हणते ना.

जपून, जपून उचला. काय रे तंबी? पाट्टी एन्न सोल्रांगा? — ओण्णुम इल्लप्पा, सामी पेर सोल्रांगा. — तू काय अशी डोळे फाडून बघतेस? आजी काय म्हणताहेत विचारलं त्यानं, मी सांगितलं, देवाचं नाव घेताहेत. हो, ‘पाणी’च म्हणतेय, मलाही ऐकू येतंय, मला काय कान नाहीत? गेल्या वर्षीही डॉक्टर मलाच विचारायचे, आजी काय म्हणतात, आणि मीच सांगायची, तिथं दुसऱ्या कुणाला तिची भाषा येते? — नाही, तू नाही यायचंस. एकालाच बसू देतात मागे. आणि पुढच्या गुरुवारपासून यायची गरज नाही, मी बोलते तुमच्या कंपनीशी. चपला घाल आणि नीघ. व्यंकट, हिला जिन्यानं जाऊ दे, लिफ्टमध्ये जागा नाही.